सोमवारच्या मुलाखतीची तालीम

आजोबांचं बुटकं स्टूल फ्रीज आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत सरकवलं गेलं, तेव्हाच त्यांनी ओळखलं की आज घरात कुणाचं तरी काहीतरी ठरणार. एरवी त्या स्टुलावर बटाट्यांची टोपली असे. टोपली खाली उतरली की तालीम.

घराची ही जुनी खोड होती. कुठलाही अवघड प्रसंग आधी जेवणाच्या टेबलाभोवती खेळून बघायचा आणि मगच त्याला सामोरं जायचं. समोरच्या माणसाचं सोंग कुणीतरी घ्यायचं, ज्याच्यावर प्रसंग आलाय त्यानं स्वतःचंच घ्यायचं, आणि आजोबांनी सांदीत बसून प्रॉम्प्टिंग करायचं. उभी हयात त्यांनी नाटकमंडळींच्या पायाखाली, रंगमंचातल्या खोक्यात बसून, विसरलेली वाक्यं वर पुरवण्यात घालवली होती. पुढे एक कान गेला. स्वतःचं स्वतःला ऐकू येईना, तशी त्यांची कुजबुज चढत गेली, आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षी तर मागच्या रांगेतल्या लोकांनासुद्धा वाक्य आधी जमिनीतून ऐकू येई आणि मग नटाच्या तोंडून. विनोदी नाटकाला लोक दोनदा हसत. त्याबद्दल मालकांची काही तक्रार नव्हती.

तालमीचा घरात थोडा धाकही होता, कारण इथे खेळलेलं खरं होऊन बसे. आत्याला एका इंजिनिअरनं लग्नाचं विचारलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याला होकार द्यायचा होता. तालमीला इंजिनिअर कुठून आणायचा, म्हणून आजोबांचा चष्मा पोचवायला आलेल्या दुकानातल्या माणसाला धरून बसवलं. आत्यानं त्याला असा काही मनापासून होकार दिला, की दुसऱ्या दिवशी खऱ्या इंजिनिअरसमोर तिच्या तोंडून शब्द फुटेना. तो चष्मेवाला म्हणजे आजचे आतोबा. माझा चष्मा मिळायचा राहिला तो राहिलाच, असं आजोबा म्हणत, पण कुजबुजीत म्हणत, त्यामुळे ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आज प्रसंग होता भिंगरीचा. भिंगरी म्हणजे आजोबांची नात, थोरल्याची मुलगी. थोरला जहाजावर, वर्षातले दोन महिने घरी. लहानपणी ही पोर एका जागी बसली म्हणून कुणी पाहिलं नव्हतं, तेव्हापासून हे नाव. तीन आठवड्यांपूर्वी ती लिफ्टच्या कंपनीत लागली. तिचे काका, म्हणजे आजोबांचा धाकटा, त्याच कंपनीत दुरुस्ती विभागाचे मुख्य होते. घर कसं निवांत झालं होतं. आणि शुक्रवारी ती एका सातमजली इमारतीत लिफ्टच्या टपावर बसून दोराला वंगण लावत असताना तिचा फोन वाजला. नदीवरच्या उचलत्या पुलाच्या ऑफिसातून होता. तिनं आठ महिन्यांपूर्वी तिथे अर्ज केला होता आणि वाट बघून बघून विसरायचा प्रयत्नही केला होता. सोमवारी सकाळी दहाला मुलाखतीला या, म्हणाले.

तिनं हे फक्त आत्याला सांगितलं. आत्याला सांगणं म्हणजे नगाऱ्याच्या कानात गुपित सांगणं. रविवारी दुपारपर्यंत आईला कळलं, आतोबांना कळलं, आजोबांनाही कळलं. फक्त काकांना कळलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, पुतणीच्या नव्या नोकरीची चहापार्टी आहे.

ते आले तेच काखेत मोठं खोकं घेऊन. खोक्यात पिवळंधमक हेल्मेट होतं, आणि त्यावर काळ्या रंगानं त्यांनी स्वतःच्या हातानं ‘भिंगरी’ असं लिहिलं होतं. अक्षरं जरा तिरपी गेली होती. कंपनीचं हेल्मेट तिच्या डोक्यात बादलीसारखं बसतं, कपाळावरून खाली घसरतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं म्हणे. त्यांनी ते स्वतः तिच्या डोक्यावर ठेवलं, पट्टा हनुवटीखाली लावला आणि दोन पावलं मागे होऊन, एखादी नवी लिफ्ट पहिल्यांदा वर जाताना बघावी तसे बघत राहिले.

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांना ते आनंदाचं वाटलं. मग त्यांची नजर सांदीतल्या स्टुलाकडे गेली, स्टुलावरच्या आजोबांकडे गेली, जमिनीवरच्या बटाट्यांकडे गेली.

“तालीम कसली आहे?” ते म्हणाले.

कुणीच बोलेना. आजोबांना वाटलं, नट अडकला, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, “पुलाची.”

ही कुजबुज खालच्या मजल्यावर गेली असणार.

पुढची पंधरा-वीस मिनिटं आजोबांनी कान झाकून घेतले असते, पण एक तर निकामी होता आणि दुसरा झाकला तर तमाशा चुकणार. काका भिंगरीला काही बोललेच नाहीत. ते सगळं आत्याला बोलले, आतोबांना बोलले, फ्रीजला बोलले. तीन आठवडे म्हणजे काय, अजून हिच्या ओळखपत्रावरचा फोटो वाळला नाही. लोक बूट तरी तीन आठवडे घालून बघतात. आत्या म्हणाली, चावणारा बूट कुणी तीन आठवडे घालत नाही. काका म्हणाले, चावतो असं ती म्हणाली का. भिंगरीनं हेल्मेटाखालून मान हलवली. चावत नाही, म्हणाली, छान आहे, तीच तर पंचाईत आहे.

आई इतका वेळ चहा गाळत होती. ती इस्पितळात नर्स होती आणि गोंधळात तिचा हात अधिकच स्थिर होई. ती म्हणाली, “भावजी, मुलाखत म्हणजे काही सोडून जाणं नव्हे. बघून येईल. दार उघडं दिसलं तर माणूस डोकावतोच की.”

“आणि रजेला कारण काय सांगणार? तीन आठवड्यांत रजा?”

इथे सगळ्यांचं एकदम सुरू झालं. आत्या म्हणाली, दाढ. आतोबा म्हणाले, डोळे, आणि वाटलं तर दुकानाच्या कागदावर लिहून देतो. आई म्हणाली, आजारपण खोटं सांगू नये, अंगाशी येतं. मग आत्यानं कारणांतला हुकमाचा एक्का काढला. घरात कुणी वारलं असं सांगावं. आजोबांचं वय झालंय, कुणाला खोटं वाटणार नाही.

आजोबांची हरकत नव्हती. नाटकात त्यांना मरायचं काम कधी मिळालं नव्हतं. पण काका लालबुंद झाले आणि म्हणाले, नाही, बाबांना यात ओढायचं नाही, ते काही जमणार नाही. बापाबद्दल धाकट्याला एवढी माया आहे, हे आजोबांना नव्यानंच कळलं.

आत्यानं टाळी वाजवली. तिला भांडणापेक्षा तालीम प्रिय होती. प्रवेश पहिला, म्हणाली, रजा मागणे. साहेब कोण होणार? साहेबांना रोज जवळून बघणारा या घरात एकच. आणि काका कितीही रागावलेले असले, तरी मिळालेली भूमिका नाकारल्याचं या घराण्यात एकही उदाहरण नव्हतं. ते गुरगुरत टेबलाच्या टोकाला बसले. मग त्यांनी खिशातली पेन्सिल काढून दातात धरली, खांदे पाडले, डावा डोळा बारीक केला, आणि बघता बघता काका तिथून निघून गेले. खुर्चीत कुणी तरी जाडसर, झोपाळू, धूर्त माणूस बसला होता.

“या, पाहुण्या,” तो म्हणाला. “बसा. म्हणजे उभ्याच राहा.”

आत्या तोंडात पदर कोंबून हसली. भिंगरीनं सोमवारची सकाळ हवी असल्याचं सांगितलं. साहेबांनी पेन्सिल चावली. कशाला हवी? भिंगरी अडखळली. सांदीतून गडगडाट झाला, “दाढ, दाढ.”

“माझी दाढ,” भिंगरी म्हणाली.

“कुठली?”

“खालची,” आजोबांनी पुरवलं. “मागची. डावी.”

“तुमची दाढ जमिनीतून बोलते वाटतं,” साहेब म्हणाले. आता सगळेच हसत होते, भिंगरीसुद्धा. हसण्यानं हेल्मेटही हलत होतं. साहेबांना चेव चढला. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “दाढ दुखते तर जा हो. पण एक लक्षात ठेवा. तुमच्या जागेला चौदा जण होते. तुमचे काका माझ्या केबिनबाहेर अर्धा तास उभे होते. बस म्हटलं तर बसले नाहीत. पोरीला एकदा लिफ्टच्या टपावर चढवून बघा म्हणाले, नाही जमलं तर मला उतरवा. त्या माणसाच्या तोंडाकडे बघून घेतलं तुम्हाला.”

हे पाठ केलेलं नव्हतं. म्हणता म्हणता काकांच्याही लक्षात आलं, पण शब्द सुटून गेले होते. पेन्सिल दातांतून निसटून टेबलावर घरंगळली.

“खरं?” भिंगरीनं विचारलं. साहेबांना नव्हे.

काका पेन्सिल उचलायला वाकले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ खालीच राहिले. आजोबा सांदीत बसलेले, त्यामुळे टेबलाखालचा काकांचा चेहरा एकट्या त्यांनाच दिसला. भांडं फोडल्यावर हा पोरगा लहानपणी असाच टेबलाखाली जाऊन बसायचा. आजोबांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. काय सांगायचं होतं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

इथून वारं फिरलं. आई, जी मघापर्यंत दारं उघडी दाखवत होती, ती किटली खाली ठेवून म्हणाली, मग मात्र हे बरं दिसत नाही. माणसानं आपल्यासाठी अर्धा तास उभं राहावं आणि आपण पाठ फिरवून पुलाकडे पळावं? काही महिने जाऊ देत. पूल काही कुठे पळून जात नाही. आत्या म्हणाली, वहिनी, पूल पळत नाही, जागा पळते. आई म्हणाली, वन्सं, तुम्हाला काय, तुम्ही होकार द्यायला एक धरलात नि दिलात दुसऱ्यालाच. आतोबा चष्मा पुसत म्हणाले, यात माझा काही दोष नव्हता, मी नुसती डिलिव्हरी द्यायला आलो होतो. पण डोळ्यांच्या कडांनी ते हसत होते, आणि आत्यानं त्यांना कोपरानं ढोसलं, तेही प्रेमानंच.

“प्रवेश दुसरा,” आत्या म्हणाली. “सुरू केलंय तर पुरं होऊ दे.”

पुलाचे मुख्य म्हणून आतोबा बसले. घरात आतोबांचा आवाज कुणी फारसा ऐकलेला नव्हता. गिऱ्हाइकाला ते ‘वाचा’ आणि ‘आता वाचा’ याखेरीज फारसं काही म्हणत नसत. पण भूमिकेत शिरले की त्यांचं काय होई ते आत्याला विचारावं. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, वरून बघितलं, आणि भिंगरीच काय, आईसुद्धा सावरून बसली.

“एवढा लोखंडी पूल,” ते म्हणाले, “एवढ्याशा मोटरनं वर कसा जातो?”

भिंगरी म्हणाली, मोटर उचलतच नाही. दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन असतं. पूल तोललेलाच असतो, त्याला नुसतं ढकलायचं. लिफ्टचंही तेच.

“काउंटरवेट,” काका मागून म्हणाले.

“मध्ये बोलू नये,” पुलाचे मुख्य म्हणाले. “आणि वारा सुटला तर?”

भिंगरीनं उत्तर दिलं, पण अर्धंच. काकांना राहवेना. अगं, ब्रेक आधी, ब्रेक, त्या दिवशी पाचव्या मजल्यावर दाखवला नव्हता का. भिंगरीला आठवलं. तिनं ब्रेकचं सांगितलं, दोराच्या झिजेचं सांगितलं, आणि आवाजावरून खराब बेअरिंग कसं ओळखायचं तेही, टेबलावर बोटं घासून, निरनिराळे आवाज काढून सांगितलं. काका खुर्ची ओढत ओढत टेबलाजवळ आले. पुढच्या उत्तराला तर त्यांनी अभिमानानं आतोबांच्या पाठीवर थाप मारली, ती इतकी जोरात की चष्मा चहात पडला.

“दाजी, पूर्ण गुण द्या,” ते म्हणाले. “हे तीन आठवड्यांत शिकली आहे ती. तीन आठवड्यांत. आमच्यातले काही दहा वर्षांत शिकत नाहीत.”

“तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात, भावजी?” आईनं विचारलं.

 ते काकांनाही माहीत नव्हतं.

आतोबांनी चहातून चष्मा काढला, शांतपणे पुसला आणि परत घातला. “शेवटचा प्रश्न,” ते म्हणाले. “तुम्ही तीन आठवड्यांत एक नोकरी सोडून आमच्याकडे येऊ बघता. उद्या तिसऱ्याकडून फोन आला, तर आमचाही पूल अर्ध्यावर टाकून जाल. इथे थांबाल हे कशावरून?”

भिंगरी थांबली. ती आईकडे बघेना, काकांकडे बघेना. हेल्मेटाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. फ्रीज घुमत होता. मग एकेक करून सगळे सांदीकडे वळले.

आजोबांकडे वाक्य तयार होतं. सुरेख वाक्य होतं. ‘आयुष्यभर थांबेन, साहेब, पूल खाली येईल तेव्हाच मी घरी जाईन.’ नाट्यगृहात टाळी पडली असती. ते ओठांपर्यंत आलंही. पण हे वाक्य पोरीचं आहे की आपलं, हे त्यांना कळेना. जन्मभर त्यांनी दुसऱ्याची वाक्यं दुसऱ्याला दिली होती, तेव्हा हा प्रश्न कधी पडला नव्हता. तिथे पुस्तक होतं. इथे पुस्तक नव्हतं, आणि या घरात खेळलेलं खरं होऊन बसे.

त्यांनी ओठ मिटले आणि वरून हात ठेवला.

आत्यानं त्यांना खूण केली. त्यांनी मान नकारार्थी हलवली. आईला वाटलं, यांना बरं वाटत नाही, ती नाडी बघायला उठली. तेवढ्यात भिंगरी बोलली.

“थांबेन असं नाही सांगता येणार, साहेब,” ती म्हणाली. “लिफ्टमध्येच म्हातारी होईन असंही मी तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतं, आणि ते खोटं नसतं. पण मी शाळेत असताना पूल वर गेला की बसमधली सगळी माणसं घड्याळं बघायची. मी एकटी खूश असायचे. गेल्या मंगळवारी मला कामाला उशीर झाला. काकांना सांगितलं, बस चुकली. चुकली नव्हती. मी सोडली. पूल खाली येताना बघायचा होता.” तिनं श्वास घेतला. “न जाता इथे राहिले, तर रोज एक बस सोडेन. एवढंच माहीत आहे मला.”

आतोबा आतोबा झाले. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावरून परत वर सरकवला.

काका उठले, आणि दाराकडे जातायत असं सगळ्यांना वाटलं. पण ते फोनकडे गेले. तालीम न करता, असं आत्या म्हणेपर्यंत त्यांनी साहेबांचा नंबर फिरवलासुद्धा होता. खरं तेच सांगतो, म्हणाले, त्याला काय तालीम लागते. मात्र पलीकडून आवाज आल्याबरोबर त्यांना पहिलं वाक्यच सुचेना. आजोबा स्टुलावरून उठून केव्हा त्यांच्या कानाशी जाऊन उभे राहिले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

“साहेब, रविवारी त्रास देतो,” आजोबा कुजबुजले.

“साहेब, रविवारी त्रास देतो,” काका म्हणाले. आणि मग पुढचं एका दमात, स्वतःचं स्वतः. पुतणीला उद्या पुलावर मुलाखत आहे, तिला जाऊ द्या, मी तिचं सकाळचं काम करीन, टपावर मीच चढतो.

साहेबांचं बोलणं फोनबाहेर स्पष्ट येत होतं. आधी बराच वेळ नुसती पेन्सिल चावल्याचा आवाज. मग, जाऊ द्या, पण दुपारी दोनला कामावर दिसली पाहिजे. नाही घेतलं त्यांनी, तर ही गोष्ट झालीच नाही. घेतलं, तर तुम्ही परत अर्धा तास बाहेर उभे राहा, मी दुसरी पोरगी बघतो. आणि मागून वाक्यं कोण सांगतंय?

“आमचे बाबा, साहेब.”

“अरे वा,” साहेब म्हणाले. “बरे आहेत ना आता? मागे दोनदा वारले होते ते.”

आजोबांच्या निकामी कानालासुद्धा हे नीट ऐकू गेलं. काकांनी फोन ठेवला आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आत्या हसता हसता खाली बटाट्यांत बसली. आईनं तोंडावर रुमाल धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. आजोबा धाकट्याजवळ गेले आणि त्यांनी एकच विचारलं, दोन्ही वेळा गर्दी कशी होती. काका म्हणाले, बाबा, दुसऱ्या वेळी अख्खं ऑफिस रडलं. आजोबांना मनातून फार बरं वाटलं.

भिंगरी हेल्मेट काढून खोक्यात ठेवू लागली. काकांनी वळून ते परत तिच्या हातात दिलं. “घेऊन जा,” म्हणाले. “पुलावरही डोकं असतं.”

सोमवारी आजोबा बसनं तिच्याबरोबर गेले. सोबत म्हणून, असं ते म्हणाले. कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. स्टॉपवर उतरून दोघं नदीशी आले आणि समोर बघतात तो रस्त्यावर आडवा दांडा पडलेला, लाल दिवा लागलेला, आणि त्याच्या पलीकडे रस्ताच उठून आभाळाकडे निघालेला. वाळूनं भरलेली एक बोट अगदी रमतगमत येत होती. पुलाचं ऑफिस नदीच्या पलीकडच्या काठावर होतं.

आसपासच्या माणसांनी घड्याळं बघितली. भिंगरीनंही बघितलं, आणि मग तिला असं काही हसू लोटलं की तिनं दांडा धरला.

“उशीर का झाला विचारलं तर काय सांगू, आजोबा?”

आजोबांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हणाले, “सांग, तुमचाच पूल होता.”

दांड्यापाशी उभी असलेली सगळी माणसं हसली. सायकलवाला हसला, पाव विकणारी बाई हसली, ऑफिसला निघालेला एक गंभीर गृहस्थ नको नको म्हणत हसला. बोट पुढे सरकली. पूल खाली यायला लागला, अगदी सावकाश, वजनाला वजन तोलून धरत, आणि भिंगरी तो शेवटच्या बोटभर अंतरापर्यंत बघत राहिली. दिवा हिरवा झाला तरी ती क्षणभर तिथेच उभी होती. मग तिनं हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा लावला आणि धूम पळत सुटली.

आजोबा अलीकडच्या काठावर राहिले. गर्दीत पोरगी दिसेनाशी झाली, पण ते पिवळं टोपडं पलीकडच्या दारात शिरेपर्यंत त्यांना दिसत होतं. त्यांचे ओठ हलत होते. मात्र त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या माणसालासुद्धा काही ऐकू आलं नाही.